आम्हीहि परगांवचेच

“तुमचें गांव कोणतें?” हा प्रश्न मुंबईंत जितक्या वेळां कानीं पडतो, तितका दुसऱ्या शहरांत क्वचितच पडत असेल. आम्हीहि त्याचें उत्तर तत्परतेनें देतों. कोणी राजापूर म्हणतो, कोणी संगमेश्वर, कोणी गुहागर. वस्तुतः आमचा जन्म परळ-लालबागचा. वाढलों येथें, शिकलों येथें. गांवीं जातों तें गणपतीस किंवा शिमग्यास, चार दिवसांचे पाहुणे म्हणून. तरीहि गांवाचें नांव आमच्या जिभेवर आहे, याचें कारण एकच : आमच्या घरांतील कोणीतरी एके काळीं तें गांव सोडून येथें आलें. त्या मनुष्याविषयीं आम्हांस किती ठाऊक आहे, हा या लेखाचा विषय होय.

मुंबईच्या कापड-गिरण्यांचा आरंभ १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं काढलेल्या कंपनीपासून धरतात. पुढें गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांस लागणारे हात मोठ्या संख्येनें रत्नागिरी जिल्ह्यांतून आले. १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हाहि त्यांतच मोडत असे. कोंकणची जमीन डोंगरउताराची. पाऊस मुबलक, परंतु भाताचें पीक एकच. त्यांतून खोताचा वाटा व सावकाराचें व्याज वजा जातां जें उरे, तें पुष्कळ घरांस वर्षभर पुरत नसे. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईस धाडावा, त्यानें मनिऑर्डर पाठवावी व तीवर घर चालावें, अशी रीतच पडून गेली.

आमचे आजोबा १९५२ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, रत्नागिरीच्या बंदरांतून आगबोटीनें मुंबईस आले. त्या काळीं कोंकण रेल्वे नव्हती. ती १९९८ सालीं पूर्ण झाली. भाऊच्या धक्क्यावर ते उतरले तेव्हां त्यांच्यापाशीं एक वळकटी, आईनें बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकरी व गांवच्या एका माणसाचा पत्ता एवढेंच होतें. त्या पत्त्यावरच्या एका खोलींत गांवचींच वीस माणसें राहात. सर्वांस एकदम निजण्यास जागा पुरणें शक्यच नव्हतें. एका पाळीचे लोक कामावर गेले कीं दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर अंग टाकीत. पहिलीं दोन वर्षें आजोबा बदली कामगार होते. रोज भोंग्याच्या आधीं गिरणीच्या दाराशीं उभें राहावें. कोणाचा खाडा असला तर काम मिळावें, नाहीं तर परत फिरावें. परत फिरल्या दिवशींहि खानावळवाल्या बाईनें त्यांस जेवण कधीं नाकारलें नाहीं. पैसे पगार झाल्यावर घेतले. मुंबईनें आपलें पहिलें स्वागत केलें तें त्या बाईच्या हातून, असें आजोबा अजून सांगतात.

आजीची गोष्ट मात्र आम्हीं कधीं विचारलीच नव्हती. लग्नानंतर नऊ वर्षें ती गांवींच राहिली. भातलावणी, गुरें, सासूसासऱ्यांचीं दुखणीं, पोरांची शाळा हें सारें तिनें एकटीनें निभावलें. मनिऑर्डर आली कीं पोस्टमन तिच्या अंगठ्याचा ठसा घेई, आणि त्या रकमेंत महिना कसा काढावयाचा हें तीच ठरवी. घरांतून एक माणूस मुंबईस गेला असें आपण म्हणतों. तो जाऊं शकला तो मागें राहिलेल्या अशा बायांच्या बळावर.

हें सर्व आम्हांस गेल्या वर्षीं कळलें, आणि त्यास आमचीच एक चूक कारण झाली. आमच्या वर्गांत उत्तरेकडून एक नवा मुलगा आला. त्याचे वडील इमारतींच्या कामावर आहेत. त्याचें मराठी ऐकून आम्ही हंसलों, त्याच्या गांवावरून त्यास एक टोपणनांव दिलें, आणि रात्रीं जेवतांना तें मोठ्या फुशारकीनें घरीं सांगितलें. आजोबांचा घास हातांतच राहिला. मग ते म्हणाले, “आम्हांला ‘बाल्या’ म्हणत. ट्रामींत तोंड उघडलें कीं लोक हंसत. दोन वर्षें मी परक्या माणसाशीं बोलायचेंच सोडलें होतें.” एवढें बोलून ते पुन्हा जेवूं लागले. आम्हांस मात्र पुढचा घास गोड लागला नाहीं.

आमचें मत असें कीं, कुलदैवत, आडनांव, जाखडीचीं गाणीं आणि फणसाच्या सांदणांची चव हा आपला वारसा खराच, आणि तो अवश्य जपावा. परंतु ज्या घरानें परगांवीं जाऊन दुसऱ्याच्या दाराशीं उभें राहण्याचा अनुभव घेतला, त्या घराच्या वारशांत तो अनुभवहि येतो. तो विसरून जो नातू गांवाचा अभिमान मिरवितो, त्यानें अर्धा वारसा घेतला आणि अर्धा टाकून दिला.

यावर कोणी म्हणेल कीं, तुमचे आजोबा आपल्याच मुलुखांतून आले, आजचे लोक दूरच्या प्रांतांतून येतात. शिवाय शहरांत जागा अपुरी, पाणी अपुरें, आमच्याच मुलांस नोकरी मिळत नाहीं. या तक्रारी खोट्या आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. येणाऱ्यानें येथील भाषा शिकावी, ही अपेक्षाहि रास्त आहे. पण जागा, पाणी व नोकरी यांचा जाब राज्य चालविणाऱ्यांस विचारावा. चौदा वर्षांच्या वर्गबंधूस तो विचारून काय लाभ? आणि थट्टा करून भाषा शिकवितां येत नाहीं. ज्याच्या पहिल्या चार वाक्यांस हंसें मिळालें, तो पांचवें वाक्य बोलणार कसा?

हें काम उद्यांवर टाकण्यासारखेंहि नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतील पुष्कळांस पुन्हा काम मिळालेंच नाहीं. गिरण्यांच्या जागीं आतां कचेऱ्या व मोठमोठीं दुकानें आहेत. १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. नव्या घरांत उजेड व स्वतंत्र न्हाणीघर असेल, याचा आम्हांस आनंदच आहे. पण त्या दिवसांची साक्ष देणारीं माणसें आतां ऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या सुटींत प्रत्येकानें वही घेऊन आजी-आजोबांपाशीं बसावें व विचारावें : गांव कां सोडलें? कसे आलांत? पहिली रात्र कोठें काढली? पहिलें जेवण कोणीं घातलें? आणि गांवीं मागें कोण राहिलें? कोणी सांगूं इच्छीत नसेल तर आग्रह धरूं नये. कांहीं दुःखें झांकलेलींच बरीं. जें मिळेल तें शाळा उघडल्यावर वर्गांत वाचावें. आणि ज्याचे वडील कालपरवां आले त्यासहि वाचूं द्यावें, कारण त्याच्या घरीं ही गोष्ट आज घडत आहे.

तो उत्तरेकडचा मुलगा आतां आमच्याच बाकावर बसतो. दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्हीं त्यास घरीं नेलें. आजोबांनीं त्यास पहिला प्रश्न विचारला तो हाच : “बाळ, तुझें गांव कोणतें?” त्यानें गांवाचें नांव सांगितलें, नदीचें नांव सांगितलें, आणि मग अडखळत अडखळत पुष्कळ कांहीं सांगितलें. आजोबांनीं तें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. विद्यार्थिबंधुभगिनींनो, हाच प्रश्न आपणहि एकमेकांस विचारूं या, आणि उत्तर पुरें होईपर्यंत ऐकूं या.