बघा, पण सांगून बघा

पालकांनी मुलांचे फोन बघावेत, असं माझं मत आहे. एकवीस वर्षांच्या मुलीने हे लिहिलेलं वाचून मंडळातले काही जण नाक मुरडतील, पण माझं म्हणणं अजून पूर्ण झालेलं नाही. बघावेत, पण मुलाला सांगून बघावेत. किती बघणार आणि कोणत्या वयापर्यंत बघणार, तेही सांगावं. चोरून बघू नयेत.

आधी आईवडिलांची बाजू. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात, हे पाचवीतल्या पोरांनाही माहीत असतं. म्हणून ती जन्मसाल मागे ढकलतात आणि खातं उघडतात. पुढे तिथे कोण भेटेल याचा नेम नसतो. खोटं नाव, कुठूनतरी उचललेला फोटो, दोन आठवडे गोड बोलणं, मग फोटोची मागणी आणि मग धमकी. असं घडतं, हे आपण सगळे जाणतो. त्यात आपल्या गोव्यात कितीतरी घरांत वडील बोटीवर नाहीतर आखातात. घरी आई एकटी, आणि तिला फोनमधलं सगळं कळतंच असं नाही. रात्री एक वाजता मुलगी ऑनलाइन दिसली की बाबा तिकडून आईला विचारतात, "ही अजून जागी कशी?" मला यात संशय दिसत नाही. एवढ्या लांबून मुलीची काळजी करायला त्या माणसाकडे ते एक ‘ऑनलाइन’ तेवढं असतं.

काळजी खरी आहे, तर मग बघायचं कसं? एक प्रकार उघड. इन्स्टाग्रामने २०२५ च्या फेब्रुवारीत भारतात किशोरवयीन मुलांसाठी वेगळी खाती आणली. १६ वर्षांखालच्या मुलाला त्यातले निर्बंध सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. पालकांनी देखरेख जोडली, तर मूल मागच्या सात दिवसांत कोणाकोणाला मेसेज करत होतं ते दिसतं. मेसेजमध्ये काय होतं ते दिसत नाही. गूगलच्या फॅमिली लिंकमधून फोनची वेळ ठरवता येते, ॲपला परवानगी देता येते, फोन कुठे आहे ते कळतं. मेसेज तिथेही वाचता येत नाहीत. आणि हे सगळं चालू आहे, हे मुलाला माहीत असतं.

दुसरा प्रकार चोरटा. स्क्रीनवर कुठेही न दिसता फोनमधले मेसेज, फोटो, कॉल पालकांकडे पाठवणारी ॲप विकत मिळतात. गूगलच्या प्ले स्टोअरवर अशी लपून काम करणारी ॲप चालत नाहीत. मुलांवरच्या देखरेखीच्या ॲपलासुद्धा आपण चालू असल्याची सूचना सतत दाखवावी लागते. म्हणून चोरटी ॲप बाहेरून आणून, फोनचं संरक्षण बंद करून बसवतात. म्हणजे चोराच्या भीतीने घराची कडी आपणच काढून ठेवायची. शिवाय तिथे जमा होणारी माहिती सुरक्षित असते असंही नाही. २०१८ मध्ये टीनसेफ नावाच्या अमेरिकेतल्या देखरेखीच्या ॲपचा सर्व्हर उघडाच पडलेला सापडला. मुलांचे ॲपल आयडी आणि त्यांचे पासवर्ड धरून हजारो नोंदी कोणालाही वाचता येत होत्या. विकताना मात्र सांगितलं जात होतं, की मुलांची संमती लागत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. माझ्या ओळखीतल्या एका दहावीच्या मुलीच्या फोनमध्ये घरच्यांनी असंच काहीतरी बसवलं होतं. महिन्याभरात तिला ते कळलं. ती भांडली नाही. तिने मैत्रिणीच्या फोनवरून दुसरं खातं उघडलं. घरी दिसणारं खातं एकदम सोज्वळ: फुलं, चतुर्थीची माटोळी, नाताळचा गोठा. पुढे एका मुलाने तिचा फोटो सगळीकडे टाकायची धमकी दिली, तेव्हा ते सगळं त्या दुसऱ्या खात्यावर चाललं होतं. आईला सांगायचं म्हणजे आधी ते खातं कबूल करायचं. तीन आठवडे तिने कोणालाच सांगितलं नाही. फोनवर पाळत होती, आणि नेमकी नको ती गोष्ट पाळतीबाहेर घडली.

अशी धमकी देणारा शेवटी म्हणतो काय, तर "घरी सांगेन." मुलं घाबरतात ती याला. ज्या घरात मूल स्वतःच येऊन सांगू शकतं, तिथे त्याचं काही चालत नाही. १०९८ ही मुलांसाठीची आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांसाठीची हेल्पलाइन प्रत्येक मुलाला पाठ हवी. पण तो नंबर लावताना शेजारी एक मोठं माणूस बसलेलं असावं लागतं. ते माणूस आपण गमावायचं नाही, एवढं तरी पालकांनी बघायला हवं.

आणखी एक गोष्ट. तपासला जातो तो बहुतेक वेळा मुलीचा फोन. त्याच घरातला भाऊ रात्रभर गेम खेळत असतो, त्याला कोणी पासवर्ड विचारत नाही. केरळमध्ये फहीमा शिरीन या बी.ए. इंग्रजीच्या विद्यार्थिनीने मुलींच्या हॉस्टेलमधला, संध्याकाळी सहा ते दहा फोन न वापरण्याचा नियम मानला नाही, म्हणून तिला हॉस्टेलमधून काढलं. ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. हॉस्टेलमधल्या मुली सज्ञान आहेत, कधी आणि कसा अभ्यास करायचा ते त्या ठरवू शकतात, याची आठवण न्यायालयाने पालकांनाही करून दिली.

उघड देखरेख मागच्या पिढीला नवी नव्हती. माझी आई सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये होती. तिथे आलेली पत्रं आधी वाचली जात. पाकीट फोडलेलंच हातात पडे, त्यामुळे सगळ्या मुलींना ते ठाऊक असे. आईला तो नियम आजही आवडत नाही, पण आपल्याला फसवलं असं ती म्हणत नाही. आणि आमच्याकडे आठ-नऊ वर्षांचं पोर कुमसाराला जातं तेव्हा आई मागच्या बाकावर बसलेली असते. पोर आत गेलं हे तिला दिसतं, काय बोललं ते कळत नाही, आणि फादर ते तिला कधीच सांगू शकत नाहीत. तेवढ्याने पोर हाताबाहेर गेलं असं कुठली आई समजत नाही.

कायद्याचं काय? आपल्या देशातल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. अशा मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल, आणि कंपन्यांनी मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातंच ठेवायला बंदी केली. आपल्याकडेही तशा बंदीची चर्चा आहे. पण कायद्याला दहा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा सारखाच. घराला तसं करून चालणार नाही.

मला सुचतं ते असं. तेराव्या वर्षापर्यंत फोन घरचा, मुलाने मागून घ्यायचा. तेरा ते पंधरा, कोणाशी बोलतो ते पालकांना दिसावं, काय बोलतो ते दिसू नये. सोळा-सतराला फक्त वेळेचा नियम, आणि रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे आईबाबांचेसुद्धा. अठरा झाली की देखरेख बंद. आणि एक नियम उलट बाजूनेही हवा: मुलांचे फोटो आणि मार्क फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी मुलांना विचारायचं.

हे सगळं मी पालकांऐवजी तुम्हाला का सांगते आहे? कारण मावशी, काकी, शेजारची आंटी फोन घेऊन आपल्याकडेच येतात. "बाय, हिच्या फोनात ते ॲप घालून दे गो, तिला कळू देऊ नको." पालकांना न कळणारी सेटिंग्ज आपल्याला कळतात, आणि ते तेरावं-चौदावं वर्षही आपण अजून विसरलेलो नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी असं सांगितलं, तर नाही म्हणू नका. "घालते, पण आधी तिला बोलवा. आपण तिघं बसून ठरवू," एवढंच म्हणा.