पुरावा सापडतो, तो टिकवायचा कोणी?

१३ डिसेंबर २००१ रोजी भारताच्या संसदेवर दहशतवादी हल्ला झाला. सुरक्षा जवानांनी प्राणांची बाजी लावून तो परतवला. पुढे तपासात श्रीनगर येथे एक लॅपटॉप हाती लागला. हल्लेखोरांनी वापरलेल्या बनावट ओळखपत्रांच्या आणि गाडीवर लावलेल्या गृहमंत्रालयाच्या बोधपट्टीच्या प्रतिमा त्यात आढळल्या. शस्त्रांइतकीच बोलकी साक्ष एका यंत्राने दिली. मात्र जप्तीनंतरच्या तारखा काही फायलींवर दिसतात, हा आक्षेपही न्यायालयात आला. काही फायली यंत्रणा स्वतःच लिहीत असते, असा खुलासा तज्ज्ञांना करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो मान्य केला. पण त्या आक्षेपातील इशारा आजही तितकाच खरा आहे.

संगणकातील फाइल पुसली की ती नष्ट झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. तलाठ्याच्या दप्तरातील नोंद खोडली म्हणून शेत नाहीसे होत नाही. हार्ड डिस्कवरही पुसली जाते ती फाइल कोठे आहे याची नोंद. मूळ मजकूर त्या जागी नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत तसाच राहतो आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ तो परत मिळवू शकतात. नव्या एसएसडी प्रकारच्या साठवणीत मात्र पुसलेली जागा यंत्र स्वतःच अल्पावधीत रिकामी करते. तेथे विलंब म्हणजे पुराव्याचा नाशच.

हा पुरावा जितका चिवट, तितकाच नाजूक आहे. जप्त केलेला संगणक उत्सुकतेपोटी नुसता सुरू केला, तरी शेकडो फायलींच्या तारखा बदलतात. म्हणूनच डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही अशा उपकरणातून तिची हुबेहूब प्रत काढायची, मूळ डिस्क मोहोरबंद करायची आणि तपासणी प्रतीवर करायची, हा शास्त्रशुद्ध मार्ग आहे. दोन्हींचे ‘हॅश’ मूल्य जुळले की प्रत अस्सल ठरते. एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते. पंचनाम्यावरील लाखेच्या मोहोरेचे हे आधुनिक रूप होय.

कायद्यालाही हे उमगण्यास वेळ लागला. प्रमाणपत्राविनाही असा पुरावा अन्य मार्गाने दाखल करता येतो, असे २००५च्या त्याच निकालाने म्हटले होते. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर खटल्यात ती वाट बंद झाली. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात २०२० साली प्रमाणपत्राची सक्ती पुन्हा दृढ झाली. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही, हेही स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करणे आणि तज्ज्ञाची स्वाक्षरी घेणे आवश्यक केले आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली गेली.

कायदा झाला, आता प्रश्न माणसांचा आहे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यातील हवालदाराला जप्तीची रीत कोण शिकविणार? प्रयोगशाळांत पुरेसे तज्ज्ञ कधी येणार? पुरावा वेळेत तपासला गेला नाही, तर राष्ट्रद्रोही सुटतो. आणि हाताळणीत शिथिलता राहिली, तर यंत्रात बाहेरून घातलेली फाइल एखाद्या निरपराधाच्या गळ्याचा फास ठरू शकते. दोन्ही गोष्टी राज्याला सारख्याच लाजिरवाण्या आहेत.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. पतपेढीत, दुकानात वा घरात गैरप्रकाराचा संशय आला, तर संगणक दुरुस्तीला देऊ नये, ‘फॉरमॅट’ करू नये. तो आहे तसा तपास यंत्रणेच्या स्वाधीन करावा. यंत्र खोटे बोलत नाही, असे म्हटले जाते. पण त्याची साक्ष न्यायासनापर्यंत निष्कलंक पोहोचविण्याचे काम शेवटी माणसाच्या प्रामाणिकपणावर आणि शिस्तीवरच अवलंबून आहे.