भोंगा नसलेला कारखाना

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना कामाची वेळ शिकवली ती साखर कारखान्याच्या भोंग्याने. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर या गावांचे जीवन गळीत हंगामाच्या पाळ्यांभोवती घडत गेले. भोंगा वाजला की एक पाळी घराकडे वळे आणि दुसरी फाटकातून आत जाई. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यालाही पाळीच असते. ती आली की शेतकरी रात्री-अपरात्री दारे धरायला उभा राहतो. श्रमाला ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा असते, हे या मातीत कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

या घडीला पहिला मोठा धक्का बसला तो २५ मार्च २०२० रोजी. टाळेबंदीचा पहिला दिवस आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले. त्या आठवड्याच्या आगेमागे हिंजवडी आणि खराडीच्या संगणक कंपन्यांत काम करणारी या दोन तालुक्यांतील मुले-मुली आपापल्या गावी परतली. ओसरीवर, माजघरात, माडीवरच्या धान्याच्या पोत्यांशेजारी लॅपटॉप उघडले गेले. पुढे अनेक जण पुण्याला गेले. काही मात्र आठवड्यातील काही दिवस किंवा पूर्ण वेळ घरूनच काम करू लागले. शंभर किलोमीटरवरची नोकरी घरात आली. भोंगा मात्र आला नाही.

घरी बसून काम होते का, असा प्रश्न तेव्हापासून सतत विचारला जातो. काही कंपन्यांनी त्याचे उत्तर यंत्रातच शोधले. कर्मचाऱ्याने किती वेळा कळ दाबली, पडद्यासमोर तो किती वेळ होता, याची नोंद ठेवणारी संगणकप्रणाली बसवली, की त्यांना निश्चिंत वाटते. परंतु पाळत म्हणजे शिस्त नव्हे. पाळतीने माणूस जागेवर बसून राहील. त्याचे मन कामात राहीलच असे नाही.

परंपरा आणि तिची मर्यादा

घर आणि कामाची जागा एक असणे भारतीय समाजाला नवे नाही. कुंभाराचे चाक, सुताराचा नेट आणि विणकराचा माग घरातच होता. घर व कारखाना यांची फारकत यंत्रयुगाने केली. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली एकात्म मानवदर्शन मांडताना विकेंद्रित उद्योगाचा आग्रह धरला. १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांनी विश्वकर्मा जयंतीला राष्ट्रीय श्रमदिनाचे स्थान दिले, त्यामागेही घरच्या ओट्यावर राबणाऱ्या कारागिराचा सन्मान होता. तथापि या परंपरेचे केवळ गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो घरउद्योग जातीच्या चौकटीत जखडलेला होता, आणि त्यातील स्त्रीचे श्रम कोणत्याही हिशेबात धरले जात नव्हते. परंपरेतून घ्यायचे ते सत्त्व. दोष उराशी धरून बसायचे नाही.

ते सत्त्व पाहायला बारामतीकरांना दूर जावे लागत नाही. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी स्थिरावले आणि १७९४ साली देह ठेवीपर्यंत बारामतीतच राहिले. पुराणिकाचे नित्यकर्तव्य आणि प्रपंच सांभाळून त्यांनी आर्याभारत आणि केकावली सिद्ध केली. एकाच रामकथेची कितीतरी वेगवेगळ्या रचनाबंधांत रामायणे लिहिली. ओष्ठ्य वर्ण पूर्णपणे टाळून रचलेले निरोष्ठ रामायण हे लहरीवर होणारे काम नव्हे. एवढा ग्रंथभार उभा राहतो तो नेमामुळे. संघाची शाखाही हेच शिकवते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी एक तास. कोणी पाहत असो वा नसो. घरून काम करणाऱ्यास याहून वेगळा मंत्र लागत नाही. उठण्याची वेळ, बसण्याची जागा आणि थांबण्याचा क्षण ज्याने ठरवला, त्याचे निम्मे काम तेथेच झाले.

‘घरीच तर आहेस’

मात्र सारा भार एकट्या व्यक्तीच्या शिस्तीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. गावाकडील घरात सर्वांत मोठा अडथळा आळसाचा नसतो, तो एका वाक्याचा असतो : ‘घरीच तर आहेस.’ घरी आहे म्हणून तलाठ्याकडून उतारा त्यानेच आणायचा, सोसायटीत तोच जाणार, पाहुण्यांना एस. टी. स्थानकावरून आणायलाही तोच, आणि दशक्रियेलाही घरातर्फे त्यालाच पाठवायचे. पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो, पण खुर्चीत बसून पडद्याकडे पाहणे हे काम आहे, हे वडीलधाऱ्यांच्या मनाला पटत नाही. त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या कामात घाम दिसत होता.

हीच गोष्ट सुनेच्या बाबतीत अधिक कठोर होते. मुलाचे दार बंद असले तर ‘त्याचे काम चालले आहे’ असे म्हटले जाते. सुनेचे दार बंद असले तर कुजबुज होते. बैठक सुरू असतानाच तव्यावरची भाकरीही तिनेच उलटायची. पुण्यात असताना तिला निदान प्रवासाचे दोन तास स्वतःचे मिळत. गावी तेही राहत नाहीत. कुटुंबव्यवस्था ही आपली शक्ती आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ती शक्ती सुनेच्या पाठीवर उभी असेल, तर तो अभिमान पोकळ आहे. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. त्या प्रबोधनाची सुरुवात घरातील कामांची वाटणी नव्याने करण्यापासून व्हायला हवी.

घरचे काम संस्थेच्या शिस्तीत कसे बसवावे, याचा वस्तुपाठ मराठी भूमीतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत पापडाचा आरंभ केला. सकाळी शाखेतून पीठ घ्यायचे, घरी पापड लाटायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, ही त्यांची रीत. पापड पारखला जातो, लाटणारी किती वेळ पाटावर बसली हे कोणी विचारत नाही. पीठ मोजून मिळाल्यामुळे काम कोठे संपते हेही तिला ठाऊक असते. संगणक कंपन्यांनी शिकावे ते येथून.

थांबण्याचा हक्क

कारण घरच्या कामाला शेवट नसणे हेच आजचे खरे दुखणे आहे. अमेरिकेची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. दिवेलागणीला सुरू झालेली बैठक जेवणाच्या वेळेपर्यंत लांबते, आणि घरात असूनही मुलगा ताटावर नसतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा अधिकार २०१७ पासून कायद्यात आहे. भारताच्या लोकसभेत या आशयाचे विधेयक २०१८ साली मांडले ते बारामतीच्याच खासदार सुप्रिया सुळे यांनी. २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात त्यांनी ते पुन्हा मांडले. त्यांच्या पक्षाच्या राजकारणाशी मतभेद असणाऱ्यांनीही या विषयाचे मोल मान्य करावे. खासगी सदस्याचे एकही विधेयक १९७० नंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झालेले नाही. म्हणून सरकारने स्वतःच या दिशेने पाऊल टाकणे इष्ट ठरेल.

काही काम गावालाही करता येईल. रानातील वस्तीवर राहणाऱ्याची वीज बहुधा शेतीच्या वाहिनीवरून येते. तिचा दाब आणि तिचे तास पंपांच्या वेळापत्रकाने ठरतात. तेथील तरुणाला घरात कितीही शिस्त असली तरी ती दिव्याबरोबर विझते. गावठाणातील वाचनालय, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची रिकामी खोली येथे उपयोगी पडू शकते. चार टेबले, खात्रीची वीज आणि इंटरनेट एवढी सोय केली, तर तरुणाला जागा मिळेल आणि घरच्यांनाही ‘तो कामावर गेला आहे’ हे उमजेल. मुलींसाठी तर हा दिलासा अधिक मोठा असेल.

ज्या गावांनी आजवर आपली बुद्धिमान मुले शहराला दिली, त्यांना ती परत मिळण्याची संधी प्रथमच आली आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना सोबत मिळू शकते, शेताकडे शिकलेल्या माणसाचे लक्ष राहू शकते, ग्रामसभेत नवा आवाज उमटू शकतो. पण आपल्याच घरात मनाप्रमाणे काम करता आले नाही, तर ही मुले पुन्हा पुण्याची वाट धरतील, आणि या वेळी परतणार नाहीत. भोंगा आता बाहेरून वाजणार नाही. तो कामाला बसणाऱ्याच्या मनात वाजला पाहिजे, आणि काम संपल्याचा भोंगा घराने व मालकाने दोघांनीही ऐकला पाहिजे.