परकीय भाषा आणि आमची विद्यापीठे

पैठण, तेर, कल्याण आणि सोपारा येथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराची हकीकत ज्या थोड्या ग्रंथांतून मिळते, त्यांत 'पेरिप्लस' नावाचे एक ग्रीक टिपण प्रमुख आहे. शिवकालाचा शोध घेणारास तर फारसी, पोर्तुगीज, डच व फ्रेंच कागदपत्रांवाचून गत्यंतरच नाही. ज्यांस स्वतःच्या घरचा जमाखर्च परक्याच्या वहीतून वाचावा लागतो, त्यांनीच परकीय भाषांविषयी उदासीन असावे, ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटते.

शिकणारांची वाण आहे असे नाही. जर्मनच्या सहा पायऱ्या आणि जपानीच्या पाच पायऱ्या चढणारे तरुण पुण्यामुंबईत वाटेल तितके सापडतील. चाकणच्या कारखान्यांत नोकरी मिळावी अथवा परदेशी शिक्षणाची सोय व्हावी, हा त्यांचा हेतु. आणि पोटासाठी विद्या शिकणे ह्यात लाजिरवाणे काही नाही. परंतु कनिष्ठ महाविद्यालयांत पुष्कळ मुले केवळ गुण अधिक पडतात म्हणून फ्रेंच वा जर्मन घेतात, आणि परीक्षा संपताच ती भाषा पुस्तकांबरोबर रद्दीत घालतात. ह्यास भाषेचा अभ्यास म्हणणे म्हणजे तराजूस व्यापार म्हणण्यासारखे आहे. वर्गांचे काम वर्गांनी खुशाल करावे. विद्यापीठाचे काम त्याहून निराळे आहे, आणि ते होत नाही अशी आमची तक्रार आहे.

कोणी म्हणतील, इंग्रजी येते तेवढी पुरे. जगातील सारे ज्ञान तिच्यात उतरतेच. ह्या समजुतीचे फळ एका उदाहरणाने दाखवितो. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ह्या आमच्याच धनगरांच्या दैवतांवर गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन पंडिताने मोठा ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला; त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले १९८९ साली. म्हणजे जेजुरीच्या देवाविषयी काय लिहिले आहे हे जाणण्यास जर्मन न जाणणाऱ्या महाराष्ट्रीयास तेरा वर्षे इंग्रजीच्या दारात तिष्ठावे लागले! शिवाय मधल्या हातातून माल कसा बदलून येतो, हे माधव ज्यूलियन ह्यांच्या उद्योगावरून कळेल. ह्या कवीने फारसीचे अध्यापन केले, फारसी-मराठी कोश रचिला, आणि उमर खय्यामच्या रुबाया १९२९ साली मूळ फारसीवरून मराठीत आणिल्या; पुढे १९३१ साली फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवताराचेही 'द्राक्षकन्या' ह्या नावाने भाषांतर केले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावी, म्हणजे मूळ खय्याम आणि इंग्रजी पोशाखातला खय्याम हे निराळे गृहस्थ आहेत हे ध्यानात येईल. आमच्या व्यापारी वाचकांस हे सांगणे नलगे. अडत्याच्या डोळ्यांनी माल पाहणारा अडत तर देतोच, पण मालाची पारखही गमावितो.

दुसरा आक्षेप नवा आहे. भाषांतर करणारी यंत्रे आता हरएकाच्या खिशात आली. मग दहा वर्षे व्याकरण घोकण्याचे प्रयोजन काय? यंत्राची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. पत्र, पावती, दरपत्रक ह्यांचे काम त्याने सुखाने करावे. परंतु यंत्राने दिलेला मजकूर बरोबर की चूक, हे कोण सांगणार? जो करार आपणांस वाचता येत नाही त्यावर दुसऱ्याच्या भरवशावर सही करणारा सराफ शहाणा गणला जात नाही. यंत्र वाढेल तसतशी ते तपासणाऱ्या जाणत्यांची गरजही वाढेल, घटणार नाही.

तिसरा आक्षेप स्वभाषाभिमान्यांचा: परकीय भाषांच्या नादाने मराठीची हानि होईल. मराठी सोडून परभाषा धरणारांविषयी ही भीति खरी आहे. पण तो दोष सोडण्याचा, धरण्याचा नव्हे. शिवछत्रपतींच्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, ते फारसी शब्दांचा अर्थ जाणणारानेच ना? उलट बाजूने पाहावे तर इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने आमची भाषा आत्मसात करून १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापविले, आणि आज ते मराठीचे भूषण मानले जाते. परभाषेने भाषा मरत नाही, आळसाने मरते.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट ही की, विद्यापीठांनी परकीय भाषा एकटी न शिकविता तिची सांगड इतिहास, कायदा, अर्थशास्त्र वा विज्ञान ह्यांपैकी एका विषयाशी घालावी. पु. वि. बापट ह्यांनी चिनी भाषांतराच्या आधारे 'विमुत्तिमग्ग' आणि पाली 'विसुद्धिमग्ग' ह्यांची तुलना १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध केली, ती अशाच जोडविद्येच्या बळावर. दुसरी गोष्ट, मूळ भाषेतून थेट मराठीत निदान शंभर पृष्ठांचे भाषांतर केल्यावाचून कोणासही परकीय भाषेची वरची पदवी देऊ नये. तिसरी गोष्ट, बाजारात मागणी नाही म्हणून डच, पोर्तुगीज, चिनी ह्यांच्याकडे पाठ फिरवू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळांसाठी आठ परकीय भाषांची नावे घेतली, त्यांत चिनीचे नाव नाही. ज्या शेजाऱ्याशी सरहद्दीचा तंटा आहे, त्याची भाषा न शिकणे हा कोणता मुत्सद्दीपणा? शाळांनी टाळले ते विद्यापीठांनी तरी करावे.

चौथी गोष्ट धनिकांच्या हातची आहे. नाशिकची द्राक्षे हॉलंडास जातात. २००६ साली जपानने भारतीय आंब्यावरील बंदी उठविल्यापासून त्या देशाचे दारही उघडे आहे. ह्या व्यापारात ज्यांनी पैसा मिळविला, त्यांच्या संघांनी प्रतिवर्षी दोन चार होतकरू विद्यार्थ्यांस डच वा जपानी भाषेच्या सखोल अभ्यासासाठी वृत्ति दिली, तर तो दानधर्म नव्हे, भांडवल होय.

इंग्रजीच्या एका खिडकीतून आमच्या कित्येक पिढ्यांनी जग पाहिले, आणि त्या खिडकीचे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु एकाच खिडकीचे घर कोंदटच राहते. भिंतीस आणखी दारे पाडणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे. आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे हे, ज्यांच्या करावर ती चालतात त्या तुम्हां आम्हां नागरिकांचे.