दफनभूमी हलवायची तर बहुमत पुरेसे नाही

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने ग्रामसभेला जे वजन मिळवून दिले, तसे फार थोड्या गावांनी दिले असेल. १९७५मध्ये अण्णा हजारे गावी परतले, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि पुढे नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे निर्णय गावाने एकत्र बसून पाळले. चराईबंदीचा निर्णय चुकला तर पुढच्या हंगामात तो फिरवता येतो. जुनी, वापरात नसलेली दफनभूमी हलवण्याचा निर्णय चुकला तर तो निस्तरता येत नाही. म्हणून ग्रामसभेवर विश्वास असणाऱ्यांनीच तिची मर्यादा सांगायला हवी.

गावठाण वाढते, शाळेला खोल्या हव्या असतात, पाण्याच्या टाकीला जागा लागते. मग ओढ्याकाठच्या त्या तुकड्याकडे लक्ष जाते. वेड्या बाभळी माजलेल्या, चार-दोन दगड उभे, बाकी सगळे सपाट. तिथे कोणी येत नाही, असे सांगितले जाते. पण तिथे कोण पुरलेले आहे? मुस्लिम, ख्रिस्ती, लिंगायत, महानुभाव यांच्यात दफनाचीच रीत आहे. नाथपंथी डवरी गोसाव्यांसारखे भटके समाजही पुरतात. त्यांची पाले हलली की कबरीकडे येणारे कोणी उरत नाही. याचा अर्थ त्यांचे कोणी नाही असा होत नाही. शिवाय हिंदूंमध्येही तान्ही लेकरे पुरतात. मागच्या दोन-तीन पिढ्यांत बाळंतपणात आणि साथीत गेलेली मुले गावोगावच्या ओढ्याकाठी आहेत. त्यांच्यावर दगडसुद्धा नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारले तर जागा सांगतील, पण ठराव करताना त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दहन-दफनभूमीची देखभाल पंचायतीकडे दिली आहे. मात्र १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२नुसार दफनासाठी राखून ठेवलेली शासकीय जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. नवी जागा गायरानातून घ्यायची, तरी आदेश त्यांचाच लागतो. जागा वक्फची असेल तर ती परस्पर देता-घेता येत नाही. कोणाच्या भावना दुखावतील हे ठाऊक असताना दफनस्थळी अतिक्रमण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. थोडक्यात, ग्रामसभेचा ठराव ही अर्जाची सुरुवात आहे, परवानगी नव्हे.

नीट हलवता येते, याचा दाखला पुण्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरी पश्चिम आणि मध्य भारतात विखुरल्या होत्या आणि त्यांची कायमची निगा राखली जाईल याची खात्री नव्हती. त्या कबरी खडकीच्या युद्ध दफनभूमीत एकत्र आणल्या गेल्या. आज तिथे १,६००हून अधिक सैनिक विसावले आहेत. पहिल्या महायुद्धातल्या ज्यांच्या कबरींची देखभाल अशक्य झाली, त्यांची नावे तिथल्याच स्मारकावर कोरली आहेत. हे जमले ते नोंदींमुळे. आपल्या गावच्या लेकरांची नोंद नसते, म्हणून काम अवघड होते. ते सोडून द्यायला मात्र हे कारण पुरत नाही.

आमचे मत असे की, इथे हात वर करून मोजणी करणे अन्यायाचे ठरेल. गावात मुस्लिमांची तीन घरे असतील तर त्या तीन घरांचा होकार उरलेल्या तीनशे घरांच्या होकाराइतकाच आवश्यक मानावा. आधी तलाठ्याने सातबारा आणि जुने नकाशे पाहावेत, जाणत्यांकडून जागा विचारून खुणा कराव्यात. अवशेष काढायची वेळ आलीच, तर तहसीलदार, आरोग्य कर्मचारी आणि त्या-त्या समाजाचा माणूस समोर असावा, हाताने खणावे, जेसीबी लावू नये. बऱ्याचदा हे सगळे करण्यापेक्षा टाकी पन्नास फूट सरकवणे स्वस्त पडते, हेही अभियंत्याला विचारून पाहावे.

नव्या जागेवर रस्ता, कुंपण आणि पाणी आधी व्हावे. त्यासाठी जनसुविधा योजनेतून निधी मिळतो. माहितीच्या अधिकारासाठी झगडलेल्या अण्णांच्या जिल्ह्यात तरी अशा प्रत्येक ठरावाची प्रत पंचायतीच्या फलकावर लागायला हवी. ज्या गावापुढे आज हा विषय आहे, त्याने नोटीस चावडीवर चिकटवून थांबू नये. पुण्या-मुंबईला गेलेल्या नातलगांना आणि दरवर्षी पाल टाकणाऱ्या कुटुंबांना ती पोचवावी, आणि त्यांचे उत्तर आल्यावरच विषय ग्रामसभेपुढे ठेवावा.