कवटीचे माप

चकली-करंजीचे ताट पुढे असताना कवट्यांचा विषय काढतो, म्हणून वडीलधाऱ्यांची आधीच क्षमा मागतो. पण ज्या घरातून यंदा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात विज्ञान शिकायला गेली आहे, त्या घराने तरी हे वाचावे. मी ओझरचा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि कादंबऱ्या लिहिण्याची खोड. मेंदू आणि जनुके यांच्या शास्त्रात मला गती नाही. पण ते शिकवतात कसे, यावर बोलण्याचा हक्क मी सोडणार नाही. ती मुले आधी माझ्याच वर्गातून गेलेली असतात.

एका प्राध्यापकांना मी विचारले, "हे शिकवताना नीतीची गोष्ट कधी निघते?" ते हसून म्हणाले, "गुरुजी, तिला परीक्षेत मार्क नाहीत. आधी विज्ञान पक्के होऊ द्या. नीती काय, मुले घरी शिकतील."

हे मत सभ्य आहे आणि साफ चुकीचे आहे.

इरावती कर्वे यांना आपण 'युगान्त'मुळे ओळखतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्या बर्लिनला संशोधनासाठी गेल्या होत्या. १९२७ मध्ये निघालेल्या तिथल्या मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरू. गुरूंचा तर्क असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा, म्हणून त्याची कवटी दोन बाजूंना असमान, म्हणून तो अधिक बुद्धिमान! बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्या असमानतेचा वंशाशी काही संबंध त्यांना आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसे लिहून दिले. परका देश, परकी भाषा, पदवी गुरूच्या हाती. तरी लिहून दिले. पुढे १९३३ मध्ये त्याच देशात 'आनुवंशिक दोष' असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा आला. फिशरसाहेब त्याच्या बाजूचे.

आता सांगा, फिशर यांचे विज्ञान कच्चे राहिले होते काय? गुरूच्या आणि शिष्येच्या हातात मोजपट्टी एकच होती. (बाईंनी पुढे इथे येऊन जातीजातींची मापे घेतली, हेही मुलांना सांगावे आणि त्यावर वाद होऊ द्यावा. देव्हारा नको.) मेंदूचा पहिला धडा या १४९ कवट्यांपासून का सुरू होत नाही, हे मला कोणी समजावून देईल का?

जर्मनी दूर पडली म्हणाल, तर घरी या. गर्भजल परीक्षा आनुवंशिक रोग ओळखण्यासाठी होती; आपण ती मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी वापरली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या. ही परीक्षा अडाण्यांनी केली नाही. गुणसूत्रांच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्यांनी केली. आणि नीती म्हणे मुले घरी शिकतील! अहो, घरीच तर मुलगा हवा होता.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. २०२३ पासून देशभर मोहीम चालू आहे. तपासणी होते, कार्ड मिळते, लग्नाआधी कार्डे जुळवून पाहण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला शहाणपणाचा आहे. वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक. पण मंगळ असलेल्या मुलीचे आपल्या समाजाने काय केले, ते आठवा आणि मग तिच्या हातात हे दुसरे कार्ड ठेवा.

नीतीचा वेगळा तास मी मागत नाही. त्या तासाला मुले चहाला जातात. त्याच धड्यात, त्याच प्रश्नपत्रिकेत ती यावी. चार घरांचा तक्ता काढायला पाच मार्क ठेवा. आणि त्याच्याच खाली दुसऱ्या पाच मार्कांना विचारा: वाहक मुलीचे कार्ड तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी तुमच्याकडे मागितले, तर तुम्ही द्याल काय, आणि का?