आधी चित्र, मग आकडे

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी इथल्या पोरांच्या वहीत अजून सफरचंदंच मोजली जातात. हे गणित घालून बघा: ओली हळद शिजवून-वाळवून पाचवा हिस्सा उरते, वाळलेली ८ क्विंटल भरली, तर ओली किती होती? ‘पाचवा हिस्सा’ दिसताच घाईतली पोरं आठाला पाचाने भागून मोकळी होतात. कढईशेजारी वावरलेलं पोर मात्र अडतं. ओली कमी कशी भरेल? मग सांगतं, ४०. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त भुंगे आणि मोर-साप आणले ते उगाच नव्हे. ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी ही शिष्यवृत्तीची गाइडछाप घोकंपट्टी आम्हाला मुळीच पटत नाही. या अंकातली शाब्दिक उदाहरणं आधी चित्र काढून सोडवा. उत्तरं शेवटच्या पानावर आहेत.